सोडा न घालता टम्म फुगणारा जर्मन पॅनकेक

पहिल्यांदा हा पॅनकेक ओव्हनमधून बाहेर काढला तेव्हा आई स्वयंपाकघरातच होती. बिडाच्या पॅनच्या काठावरून चार बोटं वर आलेल्या त्याच्या कडा, तांबूस झालेले शेंडे आणि मध्येच उचललेला पिवळा फुगवटा तिने नीट पाहून घेतला आणि विचारलं, "सोडा किती घातलास रे?"

सोडा घातलाच नव्हता. बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही, पीठ रात्रभर आंबवलेलंही नाही. मैदा, अंडी, दूध, लोणी, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ, एवढाच ऐवज. "मग फुगला कशाने?" या तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "तुझा फुलका फुगतो ना, तसाच." ते उत्तर घाईत दिलं होतं, पण नंतर जितका विचार केला तितकं ते जास्त पटत गेलं. हा पदार्थ घरी नीट जमवायचा असेल तर फुलका डोक्यात ठेवावा, म्हणजे कृतीतली प्रत्येक अट आपोआप कळते.

फुलक्याच्या कणकेत सोडा नसतो. तव्यावर दोन्ही बाजू जरा शेकल्या की वरचा पापुद्रा सुकून धरून येतो, आत मात्र कणीक ओलीच असते. मग फुलका आचेवर टाकला की आतल्या पाण्याची झपकन वाफ होते. तिला वाट नसते, म्हणून ती पापुद्रे एकमेकांपासून सोडवते आणि फुलका फुगतो. लाटताना कुठे चीर पडली असेल तर वाफ तिथून निघून जाते. तेल तापायच्या आधी सोडलेली पुरी तळाशी नुसती पडून राहते आणि तेल पिते. म्हणजे फुगायला दोन गोष्टी लागतात: एकदम तयार होणारी भरपूर वाफ, आणि ती धरून ठेवणारी, ताणली तरी न फाटणारी पिशवी. जर्मन पॅनकेकमध्ये वाफ तापलेला पॅन देतो आणि पिशवी अंडं शिवतं.

वाफेची ताकद किती असते हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती साधारण १.७ लिटर जागा व्यापते. आता आपलं मिश्रण बघा. तीन अंडी, १२० मिली दूध आणि ६५ ग्रॅम मैदा घेतला, तर अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि दुधात ते ८७ टक्क्यांच्या आसपास असतं. सगळं मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळपास पाणी झालं, म्हणजे मैद्याच्या तिपटीहून जास्त. दहा इंची पॅनमध्ये आठ सेंटिमीटर उंच पोकळी भरायची तर सुमारे चार लिटर वाफ लागेल. चार लिटर म्हणजे अडीच ग्रॅम पाणी, अर्धा छोटा चमचा! बरीचशी वाफ सुटून जाते हे खरं, पण तरी पाण्याची टंचाई कधीच नसते. अडचण असते ती पाणी वेळेत तापवण्याची आणि झालेली वाफ अडवण्याची.

अडवण्याचं काम अंड्याचं. कच्च्या अंड्यातली प्रथिनं गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखी असतात. उष्णता लागली की त्या दोऱ्या उलगडतात आणि एकमेकींत अडकून जाळं विणतात. पांढऱ्या बलकातली काही प्रथिनं साठ-बासष्ट अंशांना घट्ट व्हायला लागतात, पण त्यातलं सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन ऐंशी अंशांच्या पुढे गेल्यावरच पुरतं बसतं. शिवाय दूध आणि साखर मिसळली की हे सगळं आणखी थोडं लांबतं. त्यामुळे मधे एक वेळ अशी येते की मिश्रण धड पातळ नसतं आणि धड शिजलेलंही नसतं, ओढलं तर ताणलं जातं. नेमकी त्याच वेळी खालून वाफ सुटली पाहिजे. वाफ उशिरा आली तर पिशवी आधीच कडक झालेली असते आणि मग अंड्याचा जाडसर सपाट केक हाती येतो. खायला वाईट लागत नाही, पण तो हा पदार्थ नव्हे.

मैदा इथे दुय्यम आहे, आणि हे पचायला आपल्याला जरा वेळ लागतो, कारण धिरडं असो की घावन, आपण सुरुवात पिठापासून करतो. इथे मैद्यातला स्टार्च गरम पाणी पिऊन फुगतो, मिश्रणाला दाटपणा देतो आणि बुडबुडे पटकन फुटू देत नाही. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट, ताणलं जाणारं प्रथिन, तेही थोडा हातभार लावतं. पण "अजून दोन चमचे घालू, जरा अंगाला येईल" म्हणून मैदा वाढवला की पिशवी जड होते आणि उचलली जात नाही. कणीक वापरली तर तिच्यातला कोंडा ताणलेल्या पडद्याला जागोजागी टोचतो, फुगवटा कमी होतो. कणीक घालायचीच असेल तर पाव भागावर थांबावं.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या पदार्थाची दोन नावं ऐकू येतात आणि गोंधळ होतो. जर्मन पॅनकेक आणि डच बेबी हे जवळपास एकच. गंमत म्हणजे आज आपण ज्याला या नावाने ओळखतो तो अवतार अमेरिकेतला आहे. सिएटल शहरात व्हिक्टर मांका यांच्या कुटुंबाचा मांकाज कॅफे होता, तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच बेबी मिळू लागले. नाव मांकांच्या एका मुलीने दिलं आणि 'डॉइच' म्हणजे जर्मन या शब्दाचं तिच्या तोंडी 'डच' झालं, असं सांगतात. १९४२ मध्ये या नावाचा ट्रेडमार्क आपला असल्याचा दावाही त्या कॅफेने केला होता. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन भाषकांनाही तिकडे 'डच'च म्हणत आले आहेत, त्यामुळे हा अपभ्रंश काही जगावेगळा नाही. हॉलंडशी मात्र या पदार्थाचा संबंध नाही.

जर्मनीत जाऊन 'फानकूखन' मागितला तर बहुतेक ठिकाणी शेगडीवर केलेला, उलटवलेला, पातळ पॅनकेक समोर येतो. बर्लिनमध्ये मागितला तर जॅम भरलेला तळलेला गोल डोनट येतो, कारण तिथे फानकूखन म्हणजे तोच. साध्या पॅनकेकला बर्लिनकर 'आयरकूखन' म्हणतात. ओव्हनमध्ये फुगवायच्या तंत्राचा सख्खा भाऊ शोधायचा तर इंग्लंडमध्ये जावं लागेल. तिथलं यॉर्कशायर पुडिंग हेच मिश्रण, पण साखरेशिवाय, भाजलेल्या मांसाच्या कडकडीत चरबीत ओतलेलं. ते किती फुगावं याबद्दल तिकडचे लोक इतके आग्रही आहेत की २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुडिंगला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये, असं जाहीर केलं.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ.

सगळ्यात आधी पॅन. माझं ठाम मत आहे की घरात बिडाचं दोन इंच काठाचं भांडं असेल तर दुसरं काही शोधूच नये. आंबोळीसाठी कोकणात पिढ्यान् पिढ्या बिडाचा तवा का वापरतात, त्याचंच हे कारण आहे: बीड तापायला वेळ घेतं, पण तापलं की उष्णता सोडत नाही. थोडं गणित मांडू. दोन-सव्वादोन किलोचा बिडाचा पॅन २२० अंशांना तापलेला आहे आणि त्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मिश्रण ओतलं. ओव्हनने पुढे काहीच उष्णता दिली नाही असं धरलं, तरी पॅनच्या पोटात साठलेली उष्णता ते मिश्रण शंभर अंशांच्या आसपास नेऊ शकते. तेच मिश्रण पाव किलोच्या पातळ ॲल्युमिनियमच्या केकच्या डब्यात ओतलं, तर डबाच गार पडतो आणि दोघं मिळून साठच्याही खाली अडकतात. पुढचं सगळं मग ओव्हनच्या हवेवर, आणि हवा उष्णता देण्यात फार मंद. त्या वेळात अंडं हळूहळू बसून जातं.

बीड नसेल तर जाड बुडाचं स्टीलचं, मूठ ओव्हनला चालणारं भांडं घ्या. केकचा डबा हा शेवटचा पर्याय. तो वापरलात तर खाली एक लोखंडी तवा ओव्हनमध्येच तापवून त्यावर डबा ठेवा, बराच फरक पडतो. नॉनस्टिक भांडं रिकामं इतकं तापवू नये. काचेचंही नको, कारण रिकाम्या तापलेल्या काचेवर गार मिश्रण पडलं तर ती तडकू शकते.

प्रमाण वर आलंच आहे: तीन अंडी, १२० मिली दूध, ६५ ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ, आणि पॅनसाठी ३० ते ४० ग्रॅम लोणी. आवडत असेल तर थोडा व्हॅनिला किंवा किसलेलं जायफळ. दहा इंची पॅनला एवढं पुरतं आणि दोघा-तिघांचा नाश्ता होतो. अंड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. अमेरिकेतल्या पाककृती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे 'लार्ज' अंडं असतं ते कवच काढून पन्नास ग्रॅम भरतं. आपल्याकडची अंडी लहान-मोठी असतात, गावठी तर आणखी लहान. म्हणून अंडी फोडून वजन करा आणि दीडशे ग्रॅमला कमी पडली तर चौथं अंडं फेटून त्यातलं हवं तेवढं घाला. साखर वाढवू नका. ती अंड्याला घट्ट व्हायला उशीर लावते आणि वरून लवकर करपते. गोडी नंतर हवी तेवढी घालता येते.

अंडी आणि दूध फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवा. गार मिश्रण गरम पॅनची निम्मी मेहनत वाया घालवतं. मिक्सरच्या भांड्यात आधी अंडी अर्धा मिनिट फिरवा, ती फेसाळली की दूध, मैदा, साखर, मीठ घालून पुन्हा अर्धा मिनिट. मिक्सर गुठळ्या मोडतो आणि बारीक हवा भरतो. त्या हवेच्या कणांतच पुढे वाफ शिरते आणि त्यांचे मोठे बुडबुडे होतात. हाताने फेटलंत तरी चालेल, फक्त मैद्यात आधी अंडीच घालून घोटा, दूध शेवटी थोडं थोडं. मिश्रण धिरड्यापेक्षा पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं. मग ते पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे मैदा पाणी पितो. ओव्हन तापायलाही तेवढाच वेळ लागतो.

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, वापरणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो, कारण या टप्प्यावर बहुतेकांचं बिघडतं. पॅन सुरुवातीपासून आत ठेवून ओटीजी २२० अंशांवर, वरची-खालची दोन्ही रॉड चालू करून तापवा. दिवा बंद झाला म्हणजे आतली हवा तापली, बीड नव्हे. त्यानंतर आणखी दहा मिनिटं द्या. जाळी खालच्या खाचेत लावा. पॅनकेक फुगून वर जातो आणि वरची रॉड जवळ असली तर आत कच्चा असतानाच शेंडे काळे पडतात. पॅनच्या काठापासून वर किमान चार इंच मोकळी जागा हवी. ओटीजी लहान असेल तर निम्मं मिश्रण सहा-सात इंची पॅनमध्ये करा, उगाच कोंबू नका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तो निव्वळ कन्व्हेक्शनवर आहे, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी मोडवर नाही, याची दोनदा खात्री करा आणि धातूचं भांडं चालतं का ते त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले खरे अंश यांत बरीच तफावत असते, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक घेणं मला फार उपयोगाचं वाटलं.

पॅन तापला की बाहेर काढून लोणी टाका. ते चुरचुरून फेसाळेल, कारण लोण्यातही पंधरा-सोळा टक्के पाणी असतं. पॅन फिरवून काठांनाही लोणी लावा. फेस बसला, छान खमंग वास आला की लगेच मिश्रण ओता. लोणी आधीपासून पॅनमध्ये ठेवलं तर त्यातले दुधाचे कण जळून कडवट होतात. मी आता अर्धं लोणी आणि अर्धं साजूक तूप घेतो. तूप जळत नाही आणि लोण्याची चव राहते. मिश्रण मधोमध ओतलं की लोणी आपोआप कडेला ढकललं जातं. ते ढकललं जाणंच हवं असतं. कडेचं मिश्रण पातळ थरात पसरलेलं, तळाशी आणि भिंतीशी अशा दोन्हीकडून तापलेलं, वर तुपात तळलं जाणारं. म्हणून कडा आधी फुगतात आणि भिंतीवरून वर चढतात. मध्यभाग जाड असल्याने मागे राहतो आणि खिरीसारखा मऊ शिजतो. कडेचा कुरकुरीतपणा आणि मधली कस्टर्डसारखी साय एकाच घासात मिळते, आणि माझ्या मते या पदार्थाचं सगळं सुख तिथे आहे.

दार लावलं की पंधरा मिनिटं उघडू नका. काचेतून बघा, मुलांना बघायला बोलवा; सहाव्या-सातव्या मिनिटाला कडा हलायला लागतात तेव्हा खरंच बघण्यासारखं असतं. पण दार उघडलं की थंड हवा आत शिरते, वाफ आकसते आणि अजून न बसलेली पिशवी खाली येते. एकदा खाली आली की ती पुन्हा उठत नाही, कारण तोवर अंडं आहे त्या आकारात घट्ट होतं. साधारण अठरा ते वीस मिनिटांत कडा गडद सोनेरी होतात. फिकट पिवळ्या असताना काढण्याचा मोह आवरा.

काढताना जाड, कोरडं, दुहेरी घडीचं फडकं वापरा. ओलं फडकं चालणार नाही, त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन हात भाजतो. सांडशीवर दोन किलोचं बीड तोलायला जाऊ नका. आणि पॅन टेबलावर ठेवल्यावर मुठीवर फडकं तसंच गुंडाळून ठेवा. भाजण्याचे प्रसंग ओव्हनपाशी कमी आणि टेबलावर जास्त घडतात, कारण तिथे ती मूठ साधी, गार मुठीसारखीच दिसते.

बाहेर काढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत पॅनकेक खाली बसेल. बसणारच. आतली वाफ शंभर अंशांखाली आली की पुन्हा पाणी होते, चार लिटर परत अर्ध्या चमच्यात जातात, आणि मऊ ओलसर पडदा एकटा उभा राहू शकत नाही. फुलकाही ताटात येईपर्यंत बसतोच की. किती लोकांनी मला सांगितलं की "आमचा फुगला पण बिघडला, लगेच खाली गेला". त्या सगळ्यांचा पॅनकेक उत्तम झाला होता. कडा उभ्या राहिल्या आणि मधे वाटीसारखा खळगा झाला की समजा जमला. थोडा जास्त वेळ उभा हवा असेल तर फुगून सोनेरी झाल्यावर ओव्हन १५० अंशांवर आणून आणखी पाच मिनिटं ठेवा, पडदे सुकतात आणि आकार टिकतो. मात्र मधली साय त्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे मी तसं करत नाही.

मुळीच फुगला नाही, तर दहातल्या आठ वेळा पॅन तापलेला नसतो. एका बाजूला फुगला आणि दुसरीकडे सपाट राहिला तर ओव्हनची उष्णता एकसारखी नाही. पुढच्या वेळी पॅन जरा मागे किंवा पुढे सरकवा. तळाशी लोण्याचं तळं साचलं तर लोणी कमी करा. खायला रबरासारखा लागला तर अंडी जास्त झाली किंवा जास्त भाजला गेला.

त्या खळग्यात काय भरायचं? जुन्या पद्धतीप्रमाणे थोडं वितळलेलं लोणी, वरून अर्ध्या लिंबाचा रस आणि मग पिठीसाखर. पहिल्यांदा हेच करून बघा असं मी आग्रहाने सांगेन, कारण अंडं आणि लोणी यांच्या जडपणाला लिंबू फार सुंदर तोडतं. पिठीसाखर लिंबाच्या ओल्यावर पडून तिचा आंबटगोड पाक होतो. नंतर मग केळी, स्ट्रॉबेरी, आंब्याचे दिवस असतील तर हापूसच्या फोडी. सफरचंद घालायचं तर पातळ काप आधी लोण्यात परतून त्यावरच मिश्रण ओततात. त्यांच्या वजनाने मधला भाग कमी उठतो, पण चव भरून काढते. तिखट हवा असेल तर साखर वगळून मिरी आणि बारीक चिरलेली कोथिंबीर मिश्रणात चालते. चीज आणि परतलेले मश्रूम मात्र फुगल्यावर वरून.

बिनअंड्याचा करता येईल का, असं हमखास विचारतात. मनापासून सांगतो, हा नाही करता येत. दही, जवस, बेकिंग पावडर घालून ओव्हनमध्ये चांगला मऊ केक होईल, पण ताणून पुन्हा घट्ट होणारा पडदा त्यांतल्या कशातच नाही. अंडं न खाणाऱ्या घरात ओव्हन तापवण्याऐवजी त्याच बिडावर जाळीदार आंबोळी करावी आणि नारळाच्या रसाबरोबर खावी.

पॅनकेक पॅनमधून काढला की पॅन कोमट असतानाच गरम पाण्याने धुऊन, शेगडीवर सुकवून त्याला तेलाचा हात फिरवून ठेवा. भिजत ठेवू नका, बीड गंजतं. आमच्याकडे हे काम आई करते, आणि पुढच्या वेळी दार किती मिनिटांनी उघडायचं हेही आता तीच सांगते.